फोनवरचे आपत्कालीन अलर्ट: काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं

आपत्कालीन अलर्टचा वैताग आला की बरेच जण सेटिंग्ज उघडतात आणि मुख्य बटणच बंद करून टाकतात. कर्कश आवाज थांबतो खरा, पण त्याबरोबर पुराचा, त्सुनामीचा आणि घर रिकामं करण्याचा इशाराही थांबतो. एवढं करायची गरज नसते. बहुतेक स्मार्टफोनांत अलर्टना पातळ्या असतात, पातळ्यांना वेगवेगळी बटणं असतात, आणि डोकं उठवणारे अलर्ट बहुधा खालच्या पातळ्यांतले किंवा भलत्याच अ‍ॅपमधून आलेले असतात.

वारंवार येणारे अलर्ट उपयोगी की त्रासदायक, हा वाद संख्येवर घालण्यात अर्थ नाही. दिवसात तीनदा फोन वाजला आणि तिन्ही वेळा जमीन हलली, तर ते तीनही हवेत. महिन्यातून एकदाच वाजला, पण पन्नास किलोमीटरवरच्या पावसासाठी वाजला, तर तो एकसुद्धा जास्त. अलर्ट आपल्या जागेसाठी होता का, त्यावर काही करण्यासारखं होतं का आणि करायला वेळ उरला होता का, हे तीन प्रश्न विचारले की काय ठेवायचं ते आपोआप ठरतं.

हा आवाज येतो कुठून

सरकारी अलर्ट बऱ्याच देशांत सेल ब्रॉडकास्ट पद्धतीने येतात. यात टॉवर एकच संदेश आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम ऐकवतो. त्यासाठी तुमचा नंबर लागत नाही, तुम्ही कुठे आहात हे कोणी पाहत नाही, आणि नेटवर्कवर कितीही गर्दी झाली तरी संदेश एसेमेससारखा रांगेत अडकत नाही. इंटरनेट पॅक संपला असला तरी अलर्ट येतो. विमान मोडमध्ये मात्र येत नाही. वाय-फाय चालू असलं तरीही नाही, कारण हा संदेश मोबाइलच्या रेडिओवरून येतो.

इथेच एक नेहमीची चूक होते. झोपताना शांतता हवी म्हणून लोक विमान मोड लावतात. त्याऐवजी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. बहुतेक फोनांत वरच्या पातळीचा अलर्ट ते ओलांडून वाजतो आणि बाकी सगळं गप्प राहतं.

आवाज कर्कश असतो तो मुद्दाम. अमेरिकेतल्या पद्धतीत ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजतात: एक लांब, दोन सेकंदांचा, मग एकेका सेकंदाचे दोन आखूड, आणि ही मालिका पुन्हा एकदा. कानाला हे सूर जुळणारे वाटू नयेत आणि रिंगटोनशी गल्लत होऊ नये, हाच हेतू. त्यामुळे हा सूर बदलायची सोय शोधत बसू नका. कमी करायचे ते प्रसंग.

पातळ्या समजून घ्या

नावं देशागणिक बदलतात, उतरंड साधारण अशीच असते.

सगळ्यात वर राष्ट्रीय पातळीचा अलर्ट. अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत हा वापरकर्त्याला बंदच करता येत नाही. त्याखाली ‘अत्यंत गंभीर धोका’: जिवाला धोका, तोही आत्ता किंवा थोड्याच वेळात. मग ‘गंभीर धोका’. वरवर पाहता दोन्हींत फरक फक्त शब्दाचा वाटतो, पण प्रत्यक्षात पातळी ठरवताना तीन मापं वेगवेगळी लावतात: धोका किती मोठा, किती लवकर येणार, आणि येण्याची खात्री किती. मोठं वादळ दोन दिवसांनी येणार असेल तर ते सहसा सर्वोच्च पातळीवर बसत नाही.

त्यानंतर हरवलेल्या किंवा पळवलेल्या मुलांसाठीचे अलर्ट, मग सार्वजनिक सुरक्षेच्या सूचना (पाणी उकळून प्या, अमुक रस्ता बंद, निवारा कुठे) आणि शेवटी चाचणीचे अलर्ट.

कॅनडामध्ये ही उतरंड वापरकर्त्याच्या हातात दिलेली नाही. तिथे जीवघेण्या धोक्याचे आणि पळवलेल्या मुलांचे अलर्ट एकाच पातळीवर येतात आणि बंद करता येत नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑन्टारियोत असा अलर्ट रात्री उशिरा वाजला, तेव्हा काही लोकांनी झोपमोड झाल्याची तक्रार करायला चक्क आणीबाणीच्या ९११ क्रमांकावर फोन केले. त्याच अलर्टमुळे एका नागरिकाने दिलेल्या माहितीवरून संशयित सापडला. मदत आणि मनस्ताप दोन्ही एकाच संदेशातून झाले. फरक एवढाच की मदत एकाकडून मिळाली आणि झोप लाखोंची मोडली. अशा अलर्टसाठी रात्रीचा वेगळा, सौम्य आवाज का नसावा, हा प्रश्न रास्त आहे. पण तो यंत्रणेला विचारायचा. आपल्या फोनवर जिथे वेगळं बटण आहे तिथे ते वापरायचं.

आधी महिनाभराचा हिशोब पाहा

बटणांना हात लावण्याआधी काय येऊन गेलंय ते पाहा. अँड्रॉइडमध्ये अलर्टच्या सेटिंग्जमध्येच ‘आपत्कालीन अलर्टचा इतिहास’ असतो. तिथे जुने संदेश तारखेसह दिसतात. आयफोनमध्ये अलर्ट नोटिफिकेशन सेंटरमध्ये राहतो आणि पुसला की गेला, म्हणून आयफोनवाल्यांनी महिनाभर येणाऱ्या प्रत्येक अलर्टचा स्क्रीनशॉट ठेवावा.

प्रत्येक संदेशासमोर वरचे तीन प्रश्न लावा. वैतागातून ठरवलं तर आदल्या रात्रीचा एकच अलर्ट डोक्यात असतो आणि त्याच्या रागापायी चांगले चार जातात. हिशोब केला की बहुधा दिसतं ते असं: सेल ब्रॉडकास्टने आलेले मोजकेच आहेत, आणि ‘सतत वाजतं’ असं वाटण्यामागे हवामान, बातम्या आणि शेजारपाजारच्या ग्रुपची अ‍ॅप्स आहेत. दोघांचा आवाज वेगळा, इलाजही वेगळा.

सेटिंग्ज

अँड्रॉइडवर:

१. सेटिंग्ज उघडा, ‘सुरक्षा आणि आणीबाणी’मध्ये जा, तिथे ‘वायरलेस आपत्कालीन अलर्ट’. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनांतही मार्ग असाच आहे. जुन्या फोनांत हे ‘अ‍ॅप्स आणि नोटिफिकेशन्स’च्या आत किंवा मेसेजेस अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये लपलेलं असतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी’ टाका.

२. ‘अलर्टना परवानगी द्या’ हे मुख्य बटण चालूच राहू द्या.

३. ‘अत्यंत गंभीर’ आणि ‘गंभीर’ दोन्ही चालू ठेवा. हिशोबात ‘गंभीर’चे बहुतेक अलर्ट तिन्ही प्रश्नांवर नापास झाले असतील, तरच ते बंद करायचा विचार करा. त्याआधी तेच इशारे दुसऱ्या मार्गाने, म्हणजे एखाद्या हवामान अ‍ॅपवरून हळू आवाजात, मिळतील याची सोय करा.

४. चाचणीचे अलर्ट बंद केले तरी चालतात. सार्वजनिक सुरक्षेच्या सूचना चालू ठेवलेल्या बऱ्या, कारण आपत्ती येऊन गेल्यावर पाण्याची आणि निवाऱ्याची माहिती त्यातूनच येते.

५. ‘अलर्ट रिमाइंडर’ पाहा. पर्याय साधारणपणे एकदा, दर २ मिनिटांनी, दर १५ मिनिटांनी आणि कधीच नाही असे असतात. ‘एकच अलर्ट परतपरत वाजतो’ या तक्रारीत पहिला संशयित हाच. २ मिनिटांवर असेल तर ‘एकदा’वर आणा.

६. कंपन चालू ठेवा. ‘अलर्ट वाचून दाखवा’ हा पर्याय असेल आणि घरात कमी दिसणारं कोणी असेल, तर तोही.

आयफोनवर सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि अगदी तळापर्यंत खाली या. ‘सरकारी अलर्ट’ किंवा ‘आपत्कालीन अलर्ट’ या नावाखाली त्या देशात उपलब्ध असलेली बटणं दिसतात. काही देशांत ‘आपत्कालीन अलर्ट’च्या आत आणखी एक बटण असतं, फोन सायलेंटवर असतानाही आवाज व्हावा की नाही हे ठरवणारं. ज्यांना मीटिंगमधल्या भोंग्याची धास्ती आहे त्यांनी अलर्ट बंद करण्याऐवजी हे बटण वापरावं. मात्र रात्री ते पुन्हा चालू करायचं लक्षात राहत नसेल तर त्याला हात न लावलेला बरा.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी दोन्हीकडे अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये नोटिफिकेशनला फ्लॅश लावायची सोय असते. अँड्रॉइडवर ती १४व्या आवृत्तीपासून आली. साध्या कीपॅड फोनात ‘सेल ब्रॉडकास्ट’ नावाची सेटिंग चालू करावी लागू शकते आणि कधीकधी चॅनेलचा क्रमांक हाताने टाकावा लागतो. तो स्थानिक यंत्रणेकडून किंवा मोबाइल कंपनीकडून घ्या.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. छळ करणाऱ्या माणसापासून लपवून ठेवलेला दुसरा फोन कोणाकडे असेल, तर सायलेंटवर असूनही वाजणारा अलर्ट तो फोन उघडा पाडू शकतो. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल २०२३ रोजी देशभर चाचणी झाली, तेव्हा अशा फोनवर अलर्ट बंद ठेवण्याचा किंवा फोनच बंद करण्याचा सल्ला खास देण्यात आला होता. अशा फोनवर सगळी बटणं बंद करणं किंवा फोनच बंद ठेवणं शहाणपणाचं.

दोनदा का वाजतो, भलत्या गावचा का येतो

टॉवर एकच संदेश मुदत संपेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रसारित करत असतो, म्हणजे नंतर त्या भागात आलेल्यालाही तो मिळावा. तुमचा फोन संदेशाचा अनुक्रमांक लक्षात ठेवतो आणि तोच परत आला तर गप्प बसतो. पण यंत्रणेने मजकुरात दुरुस्ती केली की क्रमांक बदलतो आणि फोन नव्याने वाजतो. दोन कंपन्यांची सिम असलेल्या फोनात दोन्ही नेटवर्ककडून अलर्ट येऊ शकतो. काही फोन रीस्टार्ट केल्यावर जुना अलर्ट नवा समजून वाजवतात. हा बिघाड नाही, त्यासाठी फोन दुरुस्तीला नेऊ नका.

भलत्या गावच्या अलर्टचं कारण टॉवरचा टप्पा. मोकळ्या भागात एक टॉवर कित्येक किलोमीटर पोहोचतो आणि त्याच्या रेडिओ लहरी हद्दीपाशी थांबत नाहीत. नकाशावर धोक्याची सीमा आखली तरी ती ज्या ज्या टॉवरना लागते, त्यांच्या पूर्ण टप्प्यात अलर्ट जातो. यावर उपाय निघाला आहे: संदेशाबरोबर सीमाही पाठवायची आणि फोनने स्वतःचं ठिकाण तपासून मगच वाजायचं. अमेरिकेत डिसेंबर २०१९ पासून ही सोय आहे आणि सीमेबाहेर ०.१ मैलापेक्षा जास्त सांडू नये अशी अपेक्षा आहे. पण ती पाळायला फोन तेवढा नवा हवा आणि लोकेशन चालू हवं. लोकेशन बंद असलेला फोन सीमा तपासू शकत नाही, म्हणून वाजून मोकळा होतो. बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त अलर्ट येतात ते यामुळे.

अ‍ॅप्सची छाटणी

एका धोक्यासाठी एकच अ‍ॅप ठेवा. तीन हवामान अ‍ॅप्स असली की एकाच ढगासाठी फोन तीनदा वाजतो आणि चौथ्यांदा खरा अलर्ट आला तरी हात सवयीने स्क्रीन पुसतो.

अँड्रॉइडवर नोटिफिकेशन आलं की त्यावर बोट दाबून धरा, त्या अ‍ॅपचे प्रकार दिसतील. तिथे ‘रोजचा अंदाज’, ‘बातम्या’, ‘पावसाची शक्यता’ बंद करा आणि ‘तीव्र हवामान’ तेवढं ठेवा. अ‍ॅपमध्ये ठिकाणांची यादी पाहा. दोन वर्षांपूर्वी सहलीला गेलेलं गाव अजून त्यात असतं आणि तिथल्या गारपिटीचे इशारे येत राहतात. रंगांच्या पद्धतीत पिवळा इशारा आवाजाशिवाय येऊ द्या, नारिंगी आणि लाल आवाजासह.

भूकंपासाठी अँड्रॉइडमध्ये गूगलची वेगळी सोय आहे. ती २०२० मध्ये सुरू झाली आणि लाखो फोनांतल्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा वापर करते. ४.५ किंवा जास्त तीव्रतेच्या भूकंपासाठी ती दोन प्रकारचे इशारे देते. हलका हादरा अपेक्षित असेल तर ‘सावध राहा’, जो फोनच्या चालू आवाजातच येतो. जोराचा असेल तर ‘कृती करा’, जो डू नॉट डिस्टर्ब ओलांडून मोठ्याने वाजतो. ही मांडणी आदर्श म्हणावी अशीच आहे: छोट्या गोष्टीला छोटा आवाज. तरी चूक इथेही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये खोटा भूकंप-इशारा गेला आणि गूगलला तिथली सेवा थांबवावी लागली. म्हणून ही सोय सरकारी अलर्टच्या जोडीला ठेवा, जागी नको.

वाजल्यावर पहिलं मिनिट

आवाज बंद करण्यासाठी स्क्रीन दाबण्याआधी निदान तीन गोष्टी वाचा: कुठे, काय करा, कधीपर्यंत. गाडी चालवत असाल तर शेजारच्याला वाचायला सांगा किंवा बाजूला थांबून वाचा. भूकंपाचा अलर्ट याला अपवाद आहे. तिथे हाताशी काही सेकंदच असतात, तेव्हा वाचायच्या भानगडीत न पडता खाली बसा, डोकं झाका, टेबलाखाली जा.

अलर्ट खरा की खोटा हे पडताळावंसं वाटणं माणसाच्या स्वभावातच आहे. शेजाऱ्याला विचारतो, टीव्ही लावतो, बाहेर डोकावतो. एखादा दुसरा स्रोत पाहणं ठीक, पण तो आधीच ठरवून ठेवा, म्हणजे पडताळणी अर्ध्या मिनिटात आटपेल. ज्या कृतीने नुकसान होणार नाही ती (उंच जागी सरकणं, मुलांना घरात घेणं) पडताळणी चालू असतानाच सुरू करा.

खरा अलर्ट ओटीपी, बँकेचा तपशील किंवा पैसे मागत नाही आणि फाईल इन्स्टॉल करायला सांगत नाही. ‘अलर्ट चालू करण्यासाठी हे अ‍ॅप टाका’ असा फॉरवर्ड आला तर तो सरळ पुसा. अलर्टची सोय फोनमध्ये आधीपासूनच असते.

अलर्ट पाठवणाऱ्यांसाठी

संस्थेचा, शाळेचा किंवा वस्तीचा ग्रुप चालवणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण लोकांच्या सहनशक्तीचा साठा सगळ्यांचा मिळून एकच असतो.

इशाऱ्यांच्या अभ्यासात डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेनसन यांचं काम पायाभूत मानलं जातं. चांगल्या संदेशात पाच गोष्टी हव्यात: कोण सांगतंय, धोका काय, नेमका कुठे, काय करायचं, कधीपर्यंत. यातली एक गाळली की लोक ती शोधायला लागतात आणि वेळ जातो. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वणव्याच्या एका छोट्या पट्ट्यासाठीचा स्थलांतराचा इशारा चुकून सुमारे एक कोटी वस्तीच्या अख्ख्या काउंटीत गेला. मजकुरात जागेचं नावच नव्हतं, फक्त ‘तुमच्या भागात’ असं होतं. नाव असतं तर चुकून मिळालेल्यालाही एका नजरेत कळलं असतं की हा आपल्यासाठी नाही. ‘तुमचा भाग’ हे शब्द कधीच वापरू नका.

जागा थोडी असते. अमेरिकेत मर्यादा आधी ९० अक्षरांची होती, ती २०१९ मध्ये ३६० झाली. सेल ब्रॉडकास्टच्या एका पानात (म्हणजे संदेशाच्या एका तुकड्यात) रोमन लिपीची ९३ अक्षरं मावतात, देवनागरीची साधारण ४०, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. म्हणून आदर, प्रस्तावना, ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ हे सगळं वगळा. ‘नदीकाठची घरं ६ वाजेपर्यंत सोडा. शाळेत निवारा. पाणी वाढतंय.’ एवढं पुरतं; खाली यंत्रणेचं नाव, वर नदीचं आणि गावाचं.

वैताग येईल या भीतीने गप्प बसणं हा मात्र महागडा पर्याय आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत वणवे पेटले असताना, घबराट होईल आणि रस्ते तुंबतील म्हणून मोबाइल अलर्ट पाठवलाच नाही. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला २९ ऑक्टोबर २०२४ रोजी पुराचा अलर्ट रात्री आठनंतर वाजला, तेव्हा पाणी कित्येक ठिकाणी आधीच शिरलं होतं. तैवानमध्ये ३ एप्रिल २०२४ च्या भूकंपात राजधानी तैपेईतल्या फोनवर अलर्ट आला नाही, कारण अंदाजलेला हादरा ठरलेल्या उंबरठ्याखाली होता. तिथे लोकांनी जाब विचारला तो का वाजला नाही याचा.

चूक झालीच तर दुरुस्ती त्याच मार्गाने आणि ताबडतोब गेली पाहिजे. हवाईमध्ये १३ जानेवारी २०१८ रोजी क्षेपणास्त्राचा खोटा अलर्ट सकाळी ८:०७ ला गेला आणि फोनवरची दुरुस्ती ८:४५ ला आली. ३८ मिनिटं लोक तळघरं शोधत होते. ‘धोका नाही’ हा मजकूर आधीच लिहून, मंजूर करून, एका बटणावर तयार ठेवा. चाचणीची तारीख आणि वेळ काही दिवस आधी जाहीर करा, दिवसाउजेडी घ्या. धोका टळल्याची बातमी खालच्या पातळीवर, हळू आवाजात पाठवा. ती लोकांना हवी असते, पण त्यासाठी कोणाला झोपेतून उठवायचं कारण नाही.